हिशेब देणाऱ्याचा हिशेब

जुनी कागदपत्रे ठेवण्याची एक पिशवी बोरिवलीतल्या बहुतेक घरांत असते. रेशनकार्ड, गॅसचे पुस्तक, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले. आमच्या घरच्या पिशवीत बरीच वर्षे एक पातळ पुस्तिकाही होती, ‘लोकसभेत राम नाईक’. वर्षभरात आपण काय केले याचा खासदाराने स्वतः छापून वाटलेला हिशेब. वडिलांनी ती कधी रद्दीत जाऊ दिली नाही. त्याआधी आमदार असताना नाईक ‘विधानसभेत राम नाईक’ या नावाने असाच अहवाल काढत.

बोरिवलीतून 1978, 1980 आणि 1985 असे तीन वेळा आमदार, नंतर 1989 ते 2004 या काळात उत्तर मुंबईतून सलग पाच वेळा खासदार, म्हणजे सव्वीस वर्षे एका माणसाने या पट्ट्याचे प्रतिनिधित्व केले. इतका काळ एकाच माणसाला निवडून देणे शहाणपणाचे होते का? त्यातून उपनगराला काय मिळाले आणि काय राहून गेले? नाईकांवर लिहिणारे बहुधा एकतर आरती करतात नाहीतर पक्षाचे नाव बघून पान उलटतात. दोन्हींनी मतदाराचा काही फायदा होत नाही.

माणूस मूळचा माणदेशातला. 16 एप्रिल 1934 चा जन्म सांगलीचा, बालपण आटपाडीचे. पुण्याच्या बीएमसीसीतून 1954 मध्ये बी.कॉम., मग मुंबईत नोकरी सांभाळून कायद्याची पदवी. अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात कारकुनी, पुढे एका पोलाद कंपनीत हिशेबाचे जबाबदारीचे पद. 1969 मध्ये ती नोकरी सोडून ते जनसंघाचे पूर्णवेळ काम करू लागले. राहायला गोरेगाव. तिथे त्यांनी 1964 मध्येच रेल्वे प्रवाशांचा संघ उभा केला होता. ही दोन टोके, हिशेबनीस आणि लोकलचा प्रवासी, ध्यानात ठेवली की पुढची कारकीर्द उलगडते.

त्या काळचे गोरेगाव म्हणजे मृणाल गोऱ्यांचेही गोरेगाव. 1972 मध्ये विधानसभेत गेलेल्या आणि 1977 मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आलेल्या ‘पाणीवाल्या बाई’. समाजवादी आणि जनसंघी एकमेकांच्या विचारांचे कडवे विरोधक, पण दोघांनाही एकाच उपनगराने घडवले. नळाला पाणी नाही, गाडीत जागा नाही, रॉकेलला रांग, गॅसला नंबर. अशा वस्तीत ज्याला राजकारण करायचे त्याला आधी हंडा आणि पास यांबद्दल बोलावे लागे. बाईंनी लाटणे हातात घेऊन मोर्चे काढले. नाईकांनी अर्ज, पत्रे, प्रश्न आणि पाठपुराव्याचा मार्ग धरला. त्यातला कोणता श्रेष्ठ, हा वाद मला फोल वाटतो. मोर्चाशिवाय सरकार जागे होत नाही आणि फाइलमागे लागल्याशिवाय जागे झालेले सरकार काम करत नाही.

1980 च्या विधानसभा निवडणुकीत भाजपचे महाराष्ट्रात जेमतेम चौदा आमदार आले, 1985 मध्ये सोळा. त्या मूठभरांत बोरिवली होती. विरोधी बाकावरच्या अशा आमदाराच्या हाती तारांकित प्रश्न, लक्षवेधी आणि कपात सूचना एवढीच हत्यारे असतात. ती वापरायची तर रात्री बसून कागद वाचावे लागतात. नाईक ते करत. लोकसभेत गेल्यावरही ती सवय सुटली नाही. बालकांच्या डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर बंदी घालून स्तनपानाला प्रोत्साहन द्यावे, यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडले. सरकारने तो विषय उचलला आणि 1992 मध्ये तसा कायदा झाला. संसदेच्या अधिवेशनांत ‘जन गण मन’ आणि ‘वंदे मातरम्’ 1992 पासून सुरू झाले, तेही त्यांच्या आग्रहातून. ‘बॉम्बे’चे अधिकृत ‘मुंबई’ 1995 मध्ये झाले. त्यामागे अनेकांची चळवळ होती, पण दिल्लीत हा विषय चिकाटीने लावून धरणाऱ्यांत नाईक पुढे होते. 1995-96 मध्ये लोकलेखा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. 1994 मध्ये कर्करोग झाला, त्यातून उठून ते पुन्हा सभागृहात आले.

इथवरचा हिशेब जमेचा आहे. पण उपनगराचा माणूस लोकप्रतिनिधीला तोलतो तो रेल्वेच्या फलाटावर, म्हणून तिथे जरा थांबू.

सकाळी पावणेआठला बोरिवलीच्या पुलावर उभे राहा. खाली विरारहून भरून आलेली फास्ट लागते. दारातली माणसे एकमेकांच्या खांद्यांवर तोललेली, आत जायला सुईएवढी जागा नाही. बोरिवलीचा प्रवासी या गाडीच्या वाट्याला जात नाही. तो इथूनच सुटणाऱ्या गाडीकडे धावतो, आणि ती गाडी फलाटाला लागून थांबायच्या आधीच खिडकीच्या जागा भरलेल्या असतात. महिलांच्या डब्यापाशी तीच धावपळ. पाठीवरची बॅग पोटावर, ओढणी कमरेला खोचलेली, एका हाताने दांडा पकडून गाडी चालू असतानाच आत उडी. 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली पहिली महिला विशेष गाडी सोडली, तेव्हा या बायकांना पहिल्यांदा एक अख्खी गाडी आपली म्हणता आली. ती मागणी लावून धरणाऱ्यांत नाईक होते. त्या काळी नोकरी करणारी आमची शेजारीण ती गाडी कधी चुकवत नसे. घरी आल्यावर म्हणायची, आज पूर्ण भाजी निवडून झाली.

पुढे 1998 मध्ये ते रेल्वे राज्यमंत्री झाले. मुंबईच्या लोकलसाठी रेल्वे आणि राज्य सरकार यांची भागीदारी असलेले मुंबई रेल्वे विकास महामंडळ जुलै 1999 मध्ये स्थापन झाले, ते याच काळात. तोवर लोकलचा विस्तार रेल्वे बोर्डाच्या मर्जीवर आणि देशभरच्या मागण्यांच्या रांगेत अडकलेला असे. महामंडळामुळे मुंबईसाठी स्वतंत्र पैसा आणि स्वतंत्र यंत्रणा आली. बोरिवली ते विरार चौपदरीकरण त्यातून झाले, विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल 2013 मध्ये पोचली. खासदारकीच्या काळात त्यांचा मतदारसंघ गोरेगावपासून वसई-पालघरपर्यंत पसरलेला होता. पालघरहून पहाटे भाजी, मासळी घेऊन येणारी बाई आणि बोरिवलीचा बँक कारकून हे दोघेही त्यांचे मतदार. दोघांचे दुखणे एकच, गाडी.

तरी खरे सांगायचे तर आजही ती फास्ट तशीच भरून येते. मार्ग वाढले, डबे नऊचे बारा आणि बाराचे पंधरा झाले, पण वसई-विरारच्या वस्तीने त्याच्या पुढे उडी घेतली. हे नाईकांचे अपयश म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. घरे कुठे बांधायची आणि कचेऱ्या कुठे ठेवायच्या हे ज्यांच्या हाती होते त्यांनी माणसे उत्तरेला आणि नोकऱ्या दक्षिणेला ठेवल्या. तो प्रश्न एकट्या खासदाराच्या आवाक्याबाहेरचा होता. मात्र एवढी वर्षे सभागृहात असलेल्या अनुभवी माणसाने लोकलच्या डब्यांइतक्याच जिद्दीने शहराच्या आखणीवर भांडायला हवे होते, ही अपेक्षा अवाजवी नाही. प्रवाशाची बाजू घेणारा पुढारी प्रवास कमी व्हावा यासाठीही झटला तर त्याची सेवा पुरी होते.

1999 ते 2004 ते केंद्रात पेट्रोलियम मंत्री होते. गॅसचा नंबर ही काय चीज होती हे आता तिशीतल्या माणसाला समजावून सांगावे लागते. नाव नोंदवायचे आणि वर्षे मोजायची. लग्न ठरताना मुलीकडचे विचारत, गॅस आहे ना? नाईकांनी मंत्रालय हाती घेतले तेव्हा देशात प्रतीक्षा यादी एक कोटीच्या वर होती. ती त्यांनी संपवली, आणि आपल्या कारकिर्दीत सुमारे साडेतीन कोटी नवे गॅस जोड दिल्याचा हिशेब त्यांनी नंतर मांडला. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम 2003 मध्ये नऊ राज्यांत सुरू झाला. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला त्याचे महत्त्व कुणी सांगायला नको होते.

याच मंत्रालयात त्यांच्या कारकिर्दीवरचा सर्वांत मोठा डाग पडला. ऑगस्ट 2002 मध्ये पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सी वाटपात सत्ताधाऱ्यांशी जवळीक असलेल्यांची वर्णी लागल्याच्या बातम्या छापून आल्या. संसद गाजली, आणि पंतप्रधान वाजपेयींनी जानेवारी 2000 पासूनची तीन हजारांहून जास्त वाटपे एका फटक्यात रद्द केली. नाईकांचे म्हणणे असे की निवड करणारी मंडळे निवृत्त न्यायाधीशांच्या हाताखाली होती, मंत्री त्यात हात घालत नव्हता. डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट रद्द करण्याचा आदेश उडवला. चारशेच्या आसपास वादग्रस्त प्रकरणे मात्र वेगळी काढून दोन निवृत्त न्यायाधीशांच्या समितीकडे दिली, आणि त्यातली बरीच पुढे टिकली नाहीत.

म्हणजे सगळे खोटे होते असेही नाही आणि सगळे खरे होते असेही नाही. नाईकांनी स्वतः पैसा केला असे त्यांचे कडवे विरोधकही म्हणत नाहीत. पण मंत्र्याची जबाबदारी स्वतःचे हात स्वच्छ ठेवण्यावर संपत नाही. मंडळे त्याच्या खात्याने नेमलेली होती, आणि एकाच रंगाची नावे यादीत वारंवार दिसू लागली तेव्हा विचारणा करणे त्याचे काम होते. हिशेबनीस म्हणून नावाजलेल्या माणसाकडून ही वजाबाकी निसटली. कारगिलमध्ये कामी आलेल्या जवानांच्या कुटुंबांना याच मंत्रालयाने पंप आणि गॅस एजन्सी दिल्या, ते काम निश्चित चांगले होते. तरीही त्या वादाचे उत्तर त्यात मिळत नाही.

दुसरा वाद त्यांच्या हयातभराच्या अभिमानाच्या गोष्टीवर आहे. खासदारांना मतदारसंघात कामे सुचवण्यासाठी निधी मिळावा ही मागणी त्यांनी लावून धरली आणि डिसेंबर 1993 मध्ये ती योजना जाहीर झाली. पहिल्या वर्षीच्या पाच लाखांपासून वाढत हा निधी आता वर्षाला पाच कोटींवर आहे. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेला धरून असल्याचे सांगितले. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने मात्र आमदार-खासदार निधी बंदच करावा अशी शिफारस केली होती. या मुद्द्यावर मी आयोगाच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण माझ्या गल्लीत आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या बाकड्यावर एका लोकप्रतिनिधीचे नाव, बस थांब्याच्या शेडवर दुसऱ्याचे, बागेच्या कमानीवर तिसऱ्याचे. पेव्हर ब्लॉक, व्यायामाची यंत्रे, सार्वजनिक शौचालय ही नगरसेवकाची कामे आमदार-खासदार करू लागला, आणि त्याने विधेयकावर काय बोलावे याची मतदाराला आठवणच राहिली नाही. गटार तुंबले तर खासदाराला फोन आणि विधानसभेत बहुमताने काहीही संमत झाले तरी कुणाला पत्ता नाही. नाईकांनी स्वतः प्रश्न विचारण्याचे काम कधी टाकले नाही. पण त्यांनी मिळवून दिलेल्या निधीने त्यांच्यामागून आलेल्यांना ते टाकण्याची मोकळीक दिली, असे माझे मत आहे.

आणि मग 2004. सलग पाच वेळा निवडून आलेला, वर्षाला अहवाल देणारा, कॅबिनेट मंत्री असलेला खासदार पडला. समोर सिनेमातला नट गोविंदा, अंतर सुमारे 48 हजार मतांचे. बोरिवलीतल्या चहाच्या टपऱ्यांवर तेव्हा काही लोक हळहळले, काहींना आनंद झाला, आणि पुष्कळजण म्हणाले, चेहरा बदलायला हवाच होता. गोविंदांच्या सभागृहातल्या गैरहजेरीवर पुढे बरीच टीका झाली आणि 2009 मध्ये ते उभे राहिले नाहीत. त्या वेळी नाईक पुन्हा लढले आणि काँग्रेसच्या संजय निरुपम यांच्याकडून 5,779 मतांनी हरले. मनसेच्या उमेदवाराने तेव्हा जवळपास दीड लाख मते घेतली होती.

हा पराभव लोकांच्या कृतघ्नतेचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला ते पटत नाही. मतदार कुणाचा देणेकरी नसतो. पंधरा वर्षे एकाच खासदाराला पाहिलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला गॅसच्या नंबरची आठवण नव्हती, त्याला पुढचे काहीतरी हवे होते. दीर्घ कारकिर्दीची हीच अडचण असते. पुढाऱ्याच्या जमेच्या बाजूला जी कामे असतात ती नव्या मतदाराच्या लेखी जुनी झालेली असतात, आणि माणूस मात्र त्याच कामांवर मत मागत राहतो. तरीही अभ्यासू माणूस घालवून सभागृहात न दिसणारा आणला, हा तोटा उपनगराने सोसला हेही तितकेच खरे.

मग काळाची मर्यादा घालावी का? अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या विधिमंडळात फ्रेड रिसर हे गृहस्थ 1957 पासून 2021 पर्यंत होते, चौसष्ट वर्षे. दुसरीकडे कॅलिफोर्नियासह पंधराएक राज्यांनी आमदाराने किती वर्षे बसायचे यावर कायद्याने बंधन घातले. त्या बंधनावर तिथे नेहमीची तक्रार अशी की आमदाराला अर्थसंकल्प वाचता येऊ लागतो तोवर त्याची मुदत संपते, आणि मग सगळी जाण अधिकाऱ्यांकडे व दबावगटांकडे उरते. आपल्याकडे सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचे उदाहरण आहे. 1962 पासून अकरा वेळा आमदार, मधे पराभवही पाहिले, पण पक्ष आणि तालुका सोडला नाही. सांगोला आणि आटपाडी हे तालुके एकमेकांना लागून. दुष्काळी मुलखातल्या या दोन माणसांपैकी एकाने तालुक्यातल्या पाण्यासाठी एका सभागृहात आयुष्य घातले, दुसरा मुंबईत येऊन विधानसभा, लोकसभा, मंत्रिपद आणि राजभवनापर्यंत गेला. गणपतरावांकडे पाहिल्यावर वर्षांची मर्यादा घालण्याचा कायदा मला नको वाटतो. सांगोल्याने त्यांना हरवलेही आणि परत बोलावलेही. हा अधिकार मतदाराकडेच राहावा.

पण मतदाराला हा अधिकार वापरता यावा यासाठी निवड खरी असायला लागते, आणि इथे बोरिवलीचे वर्तमान मला अस्वस्थ करते. 1978 पासून आजवर ही विधानसभेची जागा नाईकांच्या राजकीय परंपरेबाहेर कधी गेली नाही. नाईक, मग हेमेंद्र मेहता, मग गोपाळ शेट्टी, ही माणसे इथल्याच गल्ल्यांतून वर आली. 2014 मध्ये विनोद तावडे, 2019 मध्ये सुनील राणे, 2024 मध्ये संजय उपाध्याय. दर निवडणुकीला नवा चेहरा, पक्षाने ठरवलेला. 2024 मध्ये लोकसभेलाही तेव्हाचे खासदार गोपाळ शेट्टी यांच्या जागी पियूष गोयल आले आणि साडेतीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. विधानसभेला शेट्टींनी अपक्ष अर्ज भरला आणि नंतर मागे घेतला. या उमेदवारांच्या योग्यतेबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण कुणीही उभा केला तरी निवडून येतो अशी जागा झाली की तिकीट देणाऱ्याला मतदाराकडे बघावे लागत नाही आणि उमेदवाराला हिशेब छापावा लागत नाही. एका माणसाने सव्वीस वर्षे खपून जी विश्वासाची ठेव जमवली, तिच्या व्याजावर पक्ष निवांत आहे.

पराभवानंतर नाईक घरी बसले नाहीत. तारापूर अणुवीज प्रकल्पामुळे उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या गावकऱ्यांची बाजू त्यांनी उच्च न्यायालयात लावून धरली. कुष्ठरुग्णांच्या वस्त्यांचे काम ते आमदारकीपासून करत होते, त्यांचे गाऱ्हाणे त्यांनी राज्यसभेच्या याचिका समितीपर्यंत नेले. कुष्ठरुग्णांच्या वस्तीत मते किती असतात? म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीतले हे पान मला सर्वांत मोलाचे वाटते. 2014 ते 2019 ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते आणि तिथेही वर्षाचा अहवाल काढत राहिले. 2024 मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले.

माझा निवाडा असा. नाईक हे उपनगराला लाभलेले चांगले, कष्टाळू आणि स्वच्छ प्रतिनिधी होते. मंत्री म्हणून एका मोठ्या प्रकरणात त्यांची देखरेख कमी पडली. निधीच्या योजनेने त्यांना अभिप्रेत नसलेले वळण घेतले. आणि रेल्वेमहामंडळ किंवा गॅस यांच्याही वर मी त्यांची ती पातळ पुस्तिका ठेवतो. तिची मर्यादा मला दिसते. स्वतःचा अहवाल स्वतः लिहिणारा आपल्या चुका त्यात छापत नाही, पंपांचे प्रकरण त्यात विरोधकांच्या नजरेने कधी येणार नव्हते. त्यासाठी बाहेरचा लेखापरीक्षक हवा. प्रजा फाउंडेशन मुंबईतल्या आमदारांची हजेरी, प्रश्न आणि लोकांचे मत यांवरून प्रगतिपुस्तक काढते. ते आणि आमदाराचा स्वतःचा अहवाल असे दोन्ही कागद समोर असले तर मतदाराला निवाडा करता येईल.

विधिमंडळाने नियम करून प्रत्येक आमदाराला वार्षिक अहवाल सक्तीचा करावा. किती दिवस हजर, कोणते प्रश्न, कोणत्या विधेयकावर काय भूमिका, निधी कुठे आणि किती, आणि मतदारसंघातली कोणती मागणी अपुरी राहिली. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तोवर वाट पाहायची गरज नाही. अंधेरीत, मुलुंडला, घाटकोपरला, बोरिवलीत, तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदाराला जसे उभे करता तसे आमदाराला पत्र लिहा आणि गेल्या वर्षीचा अहवाल मागवा. सोसायटीच्या लेटरहेडवर लिहा, आवक क्रमांक घ्या, आणि उत्तर आले की ते रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा.